गाईड, घर आणि अडलेलं प्रकरण

गेल्या अंकात या सदरातून मी पीएचडी करणाऱ्या वाचकांना त्यांच्या अडचणी लिहून पाठवायला सांगितलं होतं. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मजकूर थोडा आवरला आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवला, निवृत्तीपर्यंत विद्यार्थ्यांचे प्रबंध पाहिले, आणि अजूनही कुणी ना कुणी प्रकरणाची पानं घेऊन घरी येतंच. एक गोष्ट मला या पत्रांमध्ये सारखी दिसली. वेळ नाही, पैसा आला नाही, गाईड वाचत नाहीत, अशा अडचणी प्रत्येकानं स्वतःच्या कुवतीवर घेतल्या आहेत. मला ते अजिबात मान्य नाही.

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यात रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर गेलेल्या बायका हा माझा विषय. नोंदणीला तीन वर्षं झाली. वाचन खूप केलं, वह्या भरल्या, गावोगाव जाऊन आज्यांच्या मुलाखतीही घेतल्या. पण लिहायला बसलं की वाटतं, अजून ते एक पुस्तक वाचायचं राहिलंय. सकाळी कॉलेज, घरी सासूबाईंचं आजारपण, मुलगा दहावीला. रात्री दहाला टेबलाशी बसते तेव्हा डोळे मिटायला लागतात. स्टाफरूममध्ये सगळे विचारतात, 'मॅडम, झालं का?' मला उशीर झालाय का? आणि मुळात मला हे जमेल का?

उत्तर : आधी उशिराचं बोलू, कारण त्याचं उत्तर नियमात लिहिलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीची किमान मुदत तीन वर्षं आणि कमाल सहा वर्षं आहे. त्यानंतर फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात, आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन. म्हणजे सगळं मिळून दहा वर्षांपर्यंत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांच्या रजेची तरतूद आहे. तीन वर्षं झाली म्हणजे तुम्ही किमान मुदत नुकतीच ओलांडली आहे. स्टाफरूममध्ये विचारणाऱ्यांपैकी कितीजणांनी हा नियम वाचलाय? तुम्ही मात्र तो छापून घ्या आणि सोबत तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेशही ठेवा, कारण मुदतवाढीचा अर्ज कधी आणि कुणाकडे करायचा हे त्यात असतं.

आता लिहिण्याचं. वाचन कधीच पुरं होत नसतं. वाचताना आपलं काही चुकत नाही, कुणी लाल पेन घेऊन समोर बसत नाही, म्हणून वाचत राहावंसं वाटतं. लिहिलं की आपल्याला काय कळलेलं नाही ते लगेच दिसतं. त्याची भीती वाटते, आणि ती सगळ्यांनाच वाटते. पण तुमच्याकडे असा ऐवज आहे जो कुठल्याही पुस्तकात नाही. बहात्तर साली वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे. आणखी दहा वर्षांनी हा विषय घेणाऱ्याला तुमच्या आज्या भेटणार नाहीत. तेव्हा पुस्तकं थांबतील, मुलाखती आधी.

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू नका. 'प्रस्तावना' आणि 'पूर्वसंशोधनाचा आढावा' यांत निम्मे लोक अडकतात. ती शेवटी लिहायची प्रकरणं आहेत. तुम्ही पत्रात एका आजींबद्दल लिहिलंय. कामाशेजारच्या बाभळीला झोळी बांधून त्यात त्या तान्हं मूल ठेवायच्या. दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव आणि लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी त्यांना आठवते, पण मजुरी किती मिळायची ते आठवत नाही. या एका मुलाखतीवर दोन पानं लिहा. प्रकरण म्हणून नको, मला समजावून सांगताय असं समजून लिहा. मूल कोण सांभाळायचं? मातीचं माप कोण घ्यायचं आणि ते घेताना या बायका तिथे उभ्या असायच्या का? पगार कुणाच्या हातात पडायचा? आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न : मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव कुणाचं होतं? बाईचं स्वतःचं, की नवऱ्याच्या नावाखाली जोडीचं? मस्टर आज सापडतीलच असं नाही, पण आजींना अंगठा कुणी लावला हे नक्की आठवत असेल. मजुरीचा आकडा विसरतो, अंगठ्याची शाई विसरत नाही.

आणखी एक. तुम्ही लिहिता की बऱ्याच आज्या बहात्तरच्या कामांना 'रोजगार हमी' म्हणतात आणि त्यामुळे तुमचा गोंधळ होतो. कागद असं सांगतात की दुष्काळात जी प्रचंड कामं निघाली ती टंचाई निवारणाची होती. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली, योजना त्याच सुमाराला आली, पण कायदा १९७७ चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा. म्हणजे नंतरचं नाव आठवणीनं आधीच्या कामाला दिलंय. हा गोंधळ वगळू नका आणि आजींचं चुकलं असंही लिहू नका. दुष्काळात उपकार म्हणून मिळालेलं काम आणि पुढे हक्क म्हणून मागता आलेलं काम, या दोन्हींना त्या एकच नाव का देतात? मला विचाराल तर तुमच्या प्रबंधाचं मधलं प्रकरण इथेच आहे. त्यासाठी विधिमंडळाच्या कामकाजाचे खंड आणि 'मराठवाडा' दैनिकाचे त्या काळातले अंक पाहा. पण तेही दोन पानं लिहून झाल्यावर. काय शोधायचं हे ठरवून गेलं की ग्रंथालयातला दिवस कामी येतो.

वेळेचं मात्र मी तुम्हाला 'पहाटे उठा' असं सांगणार नाही. सासूबाईंसाठी रात्री दोनदा उठणाऱ्या बाईला तो सल्ला देणं अन्याय आहे. मुलाची दहावीची परीक्षा आणि तुमचे बोर्डाचे पेपर तपासून होईपर्यंत नवं लेखन हातात घेऊ नका. तोवर फक्त मुलाखती कागदावर उतरवून काढा. ते काम वीस-वीस मिनिटांत करता येतं, मध्ये कुणी हाक मारली तरी बिघडत नाही. उतरवताना आजींची बोली तशीच ठेवा. 'व्हतं', 'आलं हुतं' यांचं पुस्तकी मराठी करू नका. मग एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंतचे आठवडे तुमचे. घरात सगळ्यांना बसवून सांगा की या सुट्टीत सकाळी नऊ ते एक मी कॉलेजच्या ग्रंथालयात असेन, आणि त्या वेळात सासूबाईंचं औषधपाणी त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचा नवरा, करील. वाटण्या करून टाका. ज्या आईचा आजार आहे तिच्या मुलाला हे सांगायला संकोच कसला?

माझा प्रबंध सातारा संस्थानच्या कागदांवर होता. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून वाचत बसायचं, संध्याकाळी मावशीच्या घरी परतायचं. दिवसभरात मोडीचे चारच कागद लागले तरी रात्री एक पान लिहायचंच, असं ठेवलं होतं. आज काय सापडलं आणि त्यामुळे कालची कुठली समजूत बदलली, एवढंच त्यात. पुढे प्रकरणं लिहिताना टिपणांच्या गठ्ठ्यांपेक्षा ही पानंच जास्त उपयोगी पडली, कारण त्यांत माहितीशेजारी माझा विचारही होता. तुमच्या वह्यांमध्ये उतारे भरपूर असतील. तुमची स्वतःची वाक्यं किती आहेत ते एकदा पाहा. जमेल का, हा प्रश्न तोवर बाजूला ठेवा.

प्रश्न : नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदारांच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांवर माझं वाणिज्य शाखेत काम चालू आहे. दुसरं प्रकरण मी जूनमध्ये सरांना दिलं. दिवाळी झाली, सरांनी उघडूनही पाहिलेलं नाही. भेटायला गेलो की नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली लावायला बसवतात, परीक्षा विभागाची कामं सांगतात. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीच्या प्रवेशासाठी दोन दिवस गाडी चालवली. नाही म्हटलं तर सही अडेल अशी भीती वाटते. सर मनानं वाईट नाहीत. काय करू?

उत्तर : सर मनानं वाईट नाहीत हे मी धरून चालते. बरेच गाईड खरंच कामाखाली दबलेले असतात. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, वर शिकवणं, समित्या आणि नॅक. पण म्हणून तुमचं प्रकरण पाच महिने पडून राहावं हे योग्य ठरत नाही. आणि मुलीच्या प्रवेशासाठी गाडी चालवणं हे तुमचं काम नव्हे. हे मी स्पष्ट लिहिते, कारण आपल्याकडे गुरुसेवेच्या नावाखाली हे खपवून घेतलं जातं आणि पुढे तोच विद्यार्थी गाईड झाला की त्याच्या विद्यार्थ्याकडून तेच करून घेतो.

सुरुवात सौम्यपणे करा. सत्तर-ऐंशी पानांचं प्रकरण दिलं की थकलेला माणूस ते 'निवांत वाचू' म्हणून कपाटात ठेवतो. त्यातली दहा पानं काढा, छापून न्या, आणि वरच्या कोऱ्या कागदावर तीन प्रश्न लिहा. ज्यांची उत्तरं सरांनाच द्यावी लागतील असे. उदाहरणार्थ : निफाड आणि दिंडोरी या दोनच तालुक्यांतल्या कंपन्या घेतल्या तर नमुना पुरेसा होईल का? कंपनीचे संचालक आणि साधे सभासद यांना एकच प्रश्नावली चालेल का? असे प्रश्न समोर आले की वाचन आपोआप सुरू होतं. वेळ आधी मागून घ्या. 'सर, कधी येऊ?' असं विचारू नका. 'सर, गुरुवारी चार वाजता अर्ध्या तासासाठी येतो, ही दहा पानं घेऊन' असं सांगा.

भेट झाली की त्याच संध्याकाळी मेल करा. मजकूर साधा असू दे : 'आदरणीय सर, आज १२ तारखेला आपली भेट झाली. दुसऱ्या प्रकरणातला चौथा तक्ता काढायचा आणि नमुना निवडीचा भाग वाढवायचा असं आपण सांगितलंत. सुधारित पानं मी पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला देतो. माझ्या ऐकण्यात काही राहिलं असेल तर कळवावं.' यात तक्रारीचा एक शब्द नाही, पण तारीख आहे. भेट झाली नाही तरी मेल जाऊ दे : पानं ठेवली आहेत, अमुक दिवशी पुन्हा येतो. दोन-तीन महिन्यांत तुमच्याकडे व्यवस्थित नोंद जमेल. सरांनाही त्याचा उपयोग होतो, कारण मागच्या वेळी काय बोललो ते त्यांनाही आठवत नसतं.

कामांचं असं करा. विभागाचं काम असेल आणि इतरही करत असतील तर तुमचा वाटा उचला. पण बदल्यात वेळ ठरवून घ्या : 'सर, आज फायली लावतो, उद्या सकाळी प्रकरणावर बसू या.' घरचं काम आलं तर 'त्या दिवशी माझी शेतकऱ्यांची मुलाखत ठरली आहे' एवढंच सांगा. आणि खरंच ठरवून ठेवा.

एवढं करूनही काही हललं नाही तर संशोधन सल्लागार समिती, म्हणजे तुमची आरएसी, कशासाठी आहे ते आठवा. नियमाप्रमाणे दर सत्रात या समितीसमोर तुम्ही प्रगती मांडायची असते. अनेक केंद्रांमध्ये ही बैठक चहा-बिस्किटांवर उरकली जाते. तुम्ही ती तशी उरकू देऊ नका. प्रकरण कधी दिलं, सूचना कधी आल्या, याचा एक तक्ता प्रगती अहवालात जोडा. कुणावर आरोप करायचा नाही, तारखा लिहायच्या. समितीत आणखी दोन माणसं असतात आणि तारखा त्यांच्याही डोळ्यांत भरतात. त्याच्याही पुढे विभागप्रमुख, विद्यापीठाचा पीएचडी विभाग, आणि २०२३ च्या नियमांनी सक्तीची केलेली विद्यार्थी तक्रार निवारण समिती व लोकपाल आहेत. गाईड बदलता येतो. त्याला वेळ लागतो, मनस्ताप होतो, पण प्रबंध त्यानंतरही पूर्ण होतात. माझ्याकडे असे विद्यार्थी आले आहेत.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण हे वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या बाबतीत असू शकते. गाईडचं वागणं, बोलणं, मेसेज लैंगिक स्वरूपाचे असतील तर त्याला यातलं काहीच लागू नाही. तिथे सौम्यपणे सुरुवात करायची गरज नाही. मेसेज जपून ठेवा, विश्वासातल्या माणसाला सांगा आणि महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्या. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, तेव्हा प्रबंध संपेपर्यंत थांबू नका.

प्रश्न : 'तीन दिवसांत शोधनिबंध प्रकाशित, आयएसएसएन व इम्पॅक्ट फॅक्टरसह, फक्त अडीच हजार' असे मेसेज रोज येतात. सबमिशनसाठी निबंध लागतो असं सीनियर सांगतात. पैसे भरू का?

उत्तर : नको. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, त्यातल्या मजकुराची पारख नव्हे. निबंध दुसऱ्या अभ्यासकानं वाचून, शेरे देऊन परत येण्यात महिने जातात. तीन दिवसांत फक्त पैसे जमा होतात. २०१६ च्या नियमांत निबंधाची सक्ती होती, २०२२ च्या नियमांत आयोगानं ती ठेवलेली नाही. तुमच्या विद्यापीठानं स्वतःहून ठेवली आहे का हे सीनियरला न विचारता अध्यादेशात पाहा. पूर्वी आयोगाची केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बघून नियतकालिक निवडायचो, ती यादी २०२५ मध्ये बंद झाली. आता आपली आपण खात्री करायची. मागचे दोन अंक वाचा, संपादक मंडळातली माणसं त्यांच्या विभागाच्या संकेतस्थळावर खरोखर सापडतात का ते पाहा, आणि तिथे लिहिलेल्या एखाद्याला विचारा की शेरे काय आले होते. अडीच हजारांत एक सर्वेक्षणाचा दौरा होतो.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातला. वडील कोरडवाहू कापूस करतात. घरातला पहिलाच पदवीधर मी. राज्यशास्त्रात पीएचडीला पुण्यात आलो. एका संस्थेची पाठ्यवृत्ती मंजूर झाली, पण आठ महिने एक रुपया आलेला नाही. मेसचे पैसे मित्रांकडून घेतो. विभागातल्या सेमिनारमध्ये सगळे इंग्रजीतून बोलतात, मी मागे बसतो. रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं. आपण इथले नाहीच असं वाटतं. सोडून गावी जावं का?

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझ्या विद्यार्थ्यांना करते तसंच.

झोपेचं सगळ्यात आधी. किती दिवस लागत नाही ते तू लिहिलेलं नाहीस. पण छातीत धडधडण्यापर्यंत आलंय म्हणजे विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात या आठवड्यात जा आणि डॉक्टरांना झोपेचं आणि मनाचं दोन्ही सांग. रात्रीच काही टोकाचं मनात आलं, किंवा नुसतं कुणाशी बोलावंसं वाटलं, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि ज्या मित्राकडून मेसचे पैसे घेतोस त्याला हेही सांग. ज्यानं पैसे दिले तो ऐकूनही घेईल.

आता पैशाचं. पाठ्यवृत्ती हा तुला मंजूर झालेला हक्क आहे. ती उशिरा येते यात तुझी लाज जाण्यासारखं काहीच नाही. यासाठी राज्यातले संशोधक विद्यार्थी आझाद मैदानात धरणं धरून बसले आहेत, म्हणजे तू एकटा नाहीस. पहिल्यांदा तुझ्या बाजूची कागदपत्रं तपास : रुजू अहवाल, सहामाही प्रगती अहवाल, घरभाड्याचा दाखला, बँक खात्याशी आधारची जोडणी, गाईड आणि विभागप्रमुखांच्या सह्या व शिक्के. यातला एक कागद अडकला तरी फाईल थांबते आणि तसं कुणी कळवत नाही. सगळं पोचलं असेल तर लेखी अर्ज दे आणि पोच घे. त्यावरही उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात विचार : माझा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या टेबलावर आला आणि आज कुठे आहे? दहा रुपये शुल्क लागतं आणि तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुझ्याच यादीतली आणखी चार-पाच मुलं तुझ्याच विद्यापीठात असतील. त्यांना शोध, अर्ज एकत्र करा. तोवर तासिका तत्त्वावर शिकवायचा विचार असेल तर आधी पाठ्यवृत्तीच्या अटी नीट वाच. बहुतेक ठिकाणी दुसरं मानधन चालत नाही, आणि त्यावरून मंजूर झालेली रक्कम परत मागितली जाऊ शकते.

सेमिनारबद्दल मला फार वाटतं. मागे बसून गप्प राहणारी हुशार मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. इंग्रजी येणं आणि विषय कळणं यांची आपल्या विद्यापीठांमध्ये जी गल्लत होते तिनं पुष्कळ चांगले अभ्यासक घालवले. तू आतून पाहिलेलं गावपातळीवरचं राजकारण, ग्रामसभा, कापसाच्या खरेदीभोवती फिरणारी माणसं, हे त्या खोलीतल्या किती जणांना ठाऊक आहे? पुढच्या सेमिनारचा निबंध आधी मागून घे, वाच, आणि एकच प्रश्न कागदावर लिहून ने. लिहिलेला प्रश्न वाचून दाखवायला हरकत नसते, मोठमोठे प्राध्यापकही तसं करतात. मराठीतून विचारावासा वाटला तर मराठीतून विचार. पुण्यातल्या खोलीत मराठी न कळणारे दोघं-तिघं असतील, त्यांना शेजारचा सांगेल. इंग्रजी वाचन मात्र सोडू नकोस, कारण तुझ्या विषयातली पुष्कळ साधनं तिथे आहेत. रोज दोन पानं, कोश जवळ ठेवून, पुरेत.

सोडण्याचं म्हणशील तर पीएचडी सोडणं हा गुन्हा नाही. सोडून समाधानानं दुसरी कामं करणारी माणसं मला माहीत आहेत. पण उपाशीपोटी आणि जागरणात हा निर्णय घेऊ नकोस. पाठ्यवृत्तीचा पहिला हप्ता येऊ दे, महिनाभर धड झोप होऊ दे, मग गाईडशी बोल आणि ठरव. तेव्हाही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड. आणि वडिलांना पैशाचं खरं काय ते सांग. त्यांनी कर्जाची, बोंडअळीची, भाव पडल्याची वर्षं काढली आहेत. रखडलेला पैसा म्हणजे काय हे त्यांना तुझ्याआधीपासून कळतं.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातला निवृत्त एसटी कर्मचारी. मुलगी तीस वर्षांची, पुण्यात रसायनशास्त्रात पीएचडी करते. पाच वर्षं झाली. फोनवर 'कधी संपणार?' विचारलं की चिडते. नातेवाईक स्थळं आणतात, ती बघतही नाही. तिला दुखवायचं नाही, पण बाप म्हणून काळजी वाटते. आम्ही काय करावं?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. 'तिला दुखवायचं नाही' हे वाक्य मूळ पत्रात तुम्ही दोनदा लिहिलं आहे.

रसायनशास्त्रात पाच वर्षं म्हणजे नेहमीचीच गोष्ट आहे. पदार्थ तयार करायला घ्यायचा, महिनाभरानं कळायचं की तो तयार झालेलाच नाही, मग तापमान, द्रावण, वेळ यातलं एकेक बदलून पुन्हा करायचं. तपासणीची मोठी यंत्रं सगळ्या विभागांत मिळून एक-दोन, त्यासाठी रांग. यंत्र बिघडलं की रांग थांबते. 'कधी संपणार' याचं उत्तर तिलाही ठाऊक नसतं, आणि तोच प्रश्न ती रोज रात्री स्वतःला विचारत असते. तुम्ही विचारता तेव्हा तिला तो दुसऱ्यांदा ऐकावा लागतो, म्हणून ती चिडते. त्याऐवजी 'या आठवड्यात काय केलंस?' असं विचारून बघा, आणि कळेपर्यंत विचारा. 'मला समजेल असं सांग' म्हणा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये दोष शोधायला कधी किती वेळ लागतो हे तुम्ही जवळून पाहिलेलं आहे; तिचं काम तुम्हाला समजतंय असं जेव्हा तिला वाटेल, तेव्हा ती चिडणार नाही.

स्थळांचं तिच्यावर सोपवा. नियमात एक तरतूद आहे : लग्नामुळे किंवा इतर कारणानं महिला संशोधक दुसरीकडे गेली तर काही अटींवर तिचं काम नव्या विद्यापीठात नेता येतं. पण इतिहासाच्या वह्या ट्रंकेत भरून नेता येतात, प्रयोगशाळा नेता येत नाही. लग्न करून ती कोल्हापूरला किंवा बंगळुरूला गेली तर पाच वर्षांच्या कामाचं काय होईल, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि येणाऱ्या स्थळांपैकी कुणी तो विचारत नाही. नातेवाइकांना तुम्हीच सांगा की प्रबंध दिल्यावर बघू. ते तिनं सांगितलं तर उद्धटपणा ठरतो, तुम्ही सांगितलंत तर विषय संपतो.

आणखी एक आधीच माहीत असू दे. प्रबंध दिला म्हणजे लगेच डॉक्टर झाली असं नसतं. तो बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, त्यांचे अहवाल येतात, मग मौखिक परीक्षा. हे सगळं सहा महिन्यांत व्हावं असा नियम आहे, पण कधी जास्तही लागतात. त्या काळात पाठ्यवृत्ती बहुधा संपलेली असते आणि नोकरी लागलेली नसते. पैशाची थोडी सोय करता आली तर ती तेव्हासाठी ठेवा, आणि ठेवली आहे हे तिला आताच सांगा.

ही मौखिक परीक्षा बंद दाराआड होत नाही. विभागातले शिक्षक, इतर संशोधक विद्यार्थी, विषयात रस असलेली माणसं तिला बसू शकतात, आणि बऱ्याच विभागांत घरच्यांनाही येऊ देतात. तारीख कळली की विभागात विचारायला तिला सांगा, आणि दोघंही जा.